बाबू गेनू आणि आमचा डिसेंबर

स्मरणिकेसाठी शाळेतल्या एखाद्या धामधुमीच्या आठवड्याविषयी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि माझ्यापुढे एकच आठवडा उभा राहिला. ५ ते १२ डिसेंबर १९८३. आपण दहावीत होतो. पण तो आठवडा सांगायचा, तर ज्याच्यासाठी ती सगळी धावपळ केली त्याची गोष्ट आधी सांगावी लागेल. तेव्हा मित्रहो आणि गुरुजनहो, थोडा धीर धरा.

बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ सालचा, आपल्याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. शेतकऱ्याचं घर, तेही गरिबाचं. गेनू हे वडिलांचं नाव. ज्ञानोबाचा ग्यानबा होतो, ग्यानबाचा गेनबा आणि गेनू, हे इतिहासाच्या बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. म्हणजे जगाने या माणसाला ओळखलं ते आपण हजेरीच्या वेळी एकमेकांना ओळखायचो तसंच, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. आडनाव मागेच राहिलं. यापुढे मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. हुतात्म्याचा अनादर नाही, पण गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि आज माझा धाकटा मुलगा त्याहून मोठा आहे.

आपल्या भागात पोट भरेना की माणूस मुंबईची वाट धरतो. पूर्वी जुन्नरकडची माणसं नाणेघाट उतरून कल्याणकडे जात, आपल्या वेळी माळशेज घाटातून एसटी जायची. बाबू त्याच ओढीने मुंबईला गेला आणि कापडगिरणीत लागला. तेव्हाचं गिरणगाव म्हणजे एका खोलीत दहा-बारा माणसं, पाळीपाळीने झोपणारी, खाणावळीत जेवणारी, निम्मा पगार गावाला पाठवणारी. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा मोठा संप झाला. तो आला तेव्हा बाबू वीस वर्षांचा होता.

मग १९३० उजाडलं. मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले, ६ एप्रिलला मीठ उचललं, आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर माणसांच्या झुंडी जाऊ लागल्या. त्या सत्याग्रहात बाबूही होता असं सांगतात. प्रभातफेऱ्या, दारूच्या दुकानांवर निरोधन, विलायती कापडावर बहिष्कार असं ते वर्ष होतं. सोलापुरात तर मे महिन्यात लष्करी कायदा लागला. बहिष्काराचं सगळ्यात मोठं ठाणं मुंबईचा कापडबाजार, म्हणजे काळबादेवी आणि मुळजी जेठा मार्केटचा परिसर. दिवसभर साच्यावर उभं राहून कापड विणणाऱ्या पोराला मँचेस्टरच्या कापडाचा अर्थ भाषणातून समजून घ्यायची गरज नसावी, असं मला आता वाटतं. ती गाठ बाजारात उतरली की इथला साचा बंद पडणार, एवढा सरळ हिशेब.

१२ डिसेंबर १९३०, शुक्रवार. मँचेस्टरच्या एका व्यापाऱ्याचा माल लॉरीत भरून पोलिसांच्या बंदोबस्तात काळबादेवीतून निघाला. स्वयंसेवक एकामागून एक लॉरीपुढे जात, पोलीस त्यांना ओढून बाजूला करत. बाबू पुढे आला आणि हटला नाही. बहुतेक कथनांत असं येतं की देशी ड्रायव्हरने लॉरी पुढे घ्यायला नकार दिला आणि गोऱ्या सार्जंटने स्वतः चाक हातात घेतलं. लॉरी बाबूच्या अंगावरून गेली. त्याला गोकुळदास तेजपाल इस्पितळात नेलं. तिथे तो गेला.

हे सगळं आपण स्नेहसंमेलनात उभं करायचं, असं बाईंनी ठरवलं, कारण त्या वर्षी संमेलन नेमकं १२ तारखेला, सोमवारी आलं होतं. अट एकच. बाबूच्या तोंडी एकही वाक्य घालायचं नाही. निरनिराळ्या पुस्तकांत त्याच्या तोंडी निरनिराळ्या घोषणा आहेत, तेव्हा घोषणा गर्दीने द्याव्यात, त्याने फक्त उभं राहावं. मुख्य भूमिकेला एकही संवाद नाही म्हटल्यावर वर्गातले सगळे हौशी नट एकदम मागे सरले. मग बाईंनी त्याला उभं केलं. (तुम्हाला नाव माहीत आहे. छापू नको, असं त्याने फोनवर बजावलंय.) मला ड्रायव्हर केलं. चार पावलं चालायचं, सीटवरून उतरायचं, मान हलवायची, एवढंच काम.

त्या आठवड्यात शाळेत काय नव्हतं! मंगळवारी मुलींचा खो-खोचा संघ नारायणगावला गेला. बुधवारी विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही गोबरगॅसचं मॉडेल मांडीवर धरून एसटीने जुन्नर गाठलं. येताना गाडी चुकली आणि स्टँडवर शिवनेरीकडे बघत दोन तास काढले. गुरुवारी निम्मा वर्ग गायब, कारण कांद्याची लागण सुरू झाली होती आणि घरी माणूस हवा होता. प्रयोगवह्या पूर्ण करायच्या, संध्याकाळी तालीम, आणि शनिवारी शाळेत बोर्डाचा फॉर्म देण्याची शेवटची तारीख.

त्याने फॉर्म भरला नव्हता.

कारण आपल्याला सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार बाहेर. दोन वर्षं होत आली तरी गिरण्यांचे भोंगे पूर्वीसारखे वाजले नव्हते. वर्गातल्या किती जणांचे वडील गावी परत आलेले होते ते आठवा. एरवी फक्त होळीला आणि जत्रेला दिसणारी माणसं पारावर बसलेली दिसायची. त्याचे वडील साचेखात्यातले. आता पोराने मुंबईला जाऊन डब्याच्या लाइनीवर लागावं, चुलत्याने जागा धरून ठेवली आहे, असा घरात विचार चालला होता. फॉर्मच्या पैशाचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न मार्चपर्यंत थांबण्याचा होता.

शुक्रवारी संध्याकाळी त्याला न्यायला वडील शाळेत आले. आमची लॉरी म्हणजे दोन बाकं, पुठ्ठा आणि दोन बॅटऱ्या. कापडाच्या गाठी म्हणून पोत्यांत भुसा भरला होता. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले की असली गाठ हमाल पाठीवर घेणार नाही. सदऱ्याच्या बाह्या सारून त्यांनी पोती सोडली, भुसा दाबून चौकोनी बसवला, वरून गोणपाट ताणून शिवला आणि लोखंडी पट्टीऐवजी सुतळीचे पाच आवळे दिले. गाठीवर छाप कुठे मारतात तेही कोळशाने दाखवलं. तास-दीड तास गेला. दोन वर्षांत त्यांना कोणी गिरणीतलं काम विचारलं नसावं. मग बाई आणि ते व्हरांड्यात बराच वेळ बोलत उभे होते. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. शनिवारी सकाळी फॉर्म आला, त्यावर वडिलांची सही होती.

सोमवारी मैदानावर गाव लोटलं होतं. लॉरी पुढे आली, मी उतरलो, मान हलवली, आणि तो उभा राहिला. हात खाली, नजर समोर. शिट्ट्या मारायला आलेली पोरंसुद्धा गप्प बसली. सगळ्यात पुढच्या रांगेत डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतलेले त्याचे वडील होते. त्यांनी एकदाही पोराकडे पाहिलं नाही, गाठींकडेच बघत होते, असं मला सीटवरून दिसलं. नंतर बक्षीस समूहनृत्याला मिळालं, ते योग्यच होतं. नाच खरोखर चांगला बसला होता.

बाबूच्या अंत्ययात्रेला मुंबईत लोटलेली गर्दी बघायला त्याच्या गावचे किती जण पोचले असतील, असा विचार मी पुष्कळदा करतो. तेव्हा तार यायची ती अशाच कामासाठी. पुढे काळबादेवीतल्या रस्त्याला त्याचं नाव दिलं गेलं. पुण्यात मंडईजवळचा गणपती त्याच्या नावाने ओळखला जातो. आणि आपल्या तालुक्यात घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. आपण शाळेत होतो तेव्हा ते पूर्ण व्हायचं होतं. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव त्याच पाण्याखाली गेलं. आज डाव्या कालव्याने ते पाणी जुन्नरच्या बाजूला जातं आणि डिसेंबरात कांद्याच्या लागणीला मिळतं.

तो दहावी झाला, बावन्न टक्के. मग जूनमध्ये मुंबईला गेलाच, चुलत्याने धरलेली जागा तोवर टिकली होती. त्याची लाइन मरीन लाइन्सची. काळबादेवीच्या कापडबाजारातल्या पेढ्यांवर तीस वर्षं त्याने डबे पोचवले, रोज बाबू गेनूच्या नावाच्या पाटीखालून. मेळाव्याला तो आदल्या रात्रीच येतोय. जेवणाची व्यवस्था आपल्याकडे द्या, असा त्याचा आग्रह आहे, आणि वाढपी मंडळींनी वेळ पाळावी असंही त्याने कळवलं आहे.