मार्गित कोवाच
मार्गित कोवाच (३० नोव्हेंबर, १९०२:ग्यौर, हंगेरी - ४ जून, १९७७:बुडापेस्ट, हंगेरी) या हंगेरियन शिल्पकार व मृत्तिकाकलाकार होत्या. हंगेरियन प्रथेनुसार आडनाव आधी घेऊन त्यांचे नाव कोवाच मार्गित असे लिहिले जाते. भांडी व सजावटीपुरत्या मानल्या गेलेल्या मृत्तिकाकलेला हंगेरीत शिल्पकलेच्या बरोबरीचे स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जीवन
कोवाच यांचे वडील लवकर वारले. आईनेच त्यांना वाढवले व पुढेही त्या आईसोबतच राहिल्या. सुरुवातीला त्यांनी बुडापेस्टमध्ये रेखांकनाचे शिक्षण घेतले. १९२६ ते १९२८ या काळात व्हिएन्ना येथे हेर्था बुखर यांच्याकडे त्या मातीकाम शिकल्या. त्यानंतर म्युनिक येथे त्यांनी शिल्पकला व मृत्तिकाकलेचा अभ्यास केला. पुढे कोपनहेगन आणि फ्रान्समधील सेव्र येथेही त्यांनी काम केले.

कार्य
भरीव मातीचा जाड पुतळा भट्टीत तडकण्याचा धोका असतो. कोवाच कुंभाराच्या चाकावर पोकळ, नळीसारखे आकार घडवत आणि ते वाकवून व जोडून मानवाकृती तयार करत. त्यामुळे त्यांच्या मूर्तींना उंच, निमुळता डौल आला. रंगीत झिलईचा वापर त्या मोजका करत. कित्येक ठिकाणी मातीचा मूळ पोत उघडाच ठेवत.

मध्ययुगीन ख्रिस्ती कला व हंगेरियन लोककला यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कामात बायबलमधील प्रसंग व संत वारंवार आढळतात. पुढे साम्यवादी राजवटीत सार्वजनिक कामांतून धार्मिक विषय मागे पडले, तेव्हा पाव कापणारी वृद्धा, सूत कातणाऱ्या स्त्रिया, कोळ्यांच्या बायका असे लोकजीवनातील विषय त्यांनी अधिक हाताळले. विषय बदलले तरी मातृत्व, प्रतीक्षा व शोक हे भाव कायम राहिले. आईच्या मृत्यूचे दुःखही त्यांच्या शिल्पांतून व्यक्त झाले. उत्तरकाळातील काही कामे समीक्षकांना अतिसजावटी वाटली. सामान्य प्रेक्षकांत मात्र त्यांची लोकप्रियता टिकून राहिली.

सन्मान व वारसा
१९४८ साली त्यांना हंगेरीचा कोशुत पुरस्कार मिळाला. त्यांनी दान केलेल्या कलाकृतींचे संग्रहालय त्यांच्या हयातीतच, १९७३ साली, बुडापेस्टजवळील सेंटेंड्रे या गावी एका अठराव्या शतकातील घरात सुरू झाले. ग्यौर या जन्मगावीही त्यांच्या कलाकृतींचे कायमस्वरूपी प्रदर्शन आहे.