असईचा सेनापति आणि १८२९ सालचा कायदा

आमच्या जालना जिल्ह्यांत केळणा व जुई या नद्यांच्या संगमाजवळ असई नांवाचें गांव आहे. तेथील लढाई बहुतेकांस ऐकून ठाऊक असते. परंतु ती जिंकणाऱ्या सेनापतीनें पुढें कॅथॉलिकांसाठीं आपलें मुख्य प्रधानपद पणास लाविलें, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. महोत्सवाच्या या पुस्तिकेंत ती सांगावी असें आम्हांस वाटलें.

आर्थर वेलस्ली यांचा जन्म आयर्लंडांत, एका प्रॉटेस्टंट सरदार घराण्यांत, इ. स. १७६९ मध्यें झाला. सप्टेंबर १८०३ मध्यें ते बदनापूर येथें कर्नल स्टीव्हन्सन यांस भेटले आणि दोघेही निरनिराळ्या वाटांनीं निघाले. ता. २३ रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या अफाट फौजेशीं वेलस्ली यांची एकट्याचीच गांठ पडली. वाटाडे म्हणाले, नदीस उतार नाहीं. वेलस्ली यांनीं मात्र दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें पाहिलीं व उतार असलाच पाहिजे असा तर्क केला. तो खरा ठरला. शिंद्यांचे गोलंदाज तोफा न सोडतां जागींच कापले गेले, आणि त्यांच्या शौर्याविषयीं आम्हांस आजही अभिमान वाटतो. इंग्रजांकडीलही दीड हजारांवर लोक मेले अथवा जखमी झाले. पुढें १८१५ मध्यें वॉटर्लू जिंकूनही वेलस्ली असईसच आपली सर्वोत्तम लढाई मानीत.

१८२८ मध्यें हेच वेलस्ली, आतां ड्यूक ऑफ वेलिंग्टन, इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले. त्याच वर्षीं आयर्लंडांत डॅनियल ओकॉनेल निवडून आले. पण पवित्र मिस्सा ही मूर्तिपूजा आहे अशी शपथ घेतल्यावांचून कोणा कॅथॉलिकास पार्लमेंटांत बसतां येत नसे. आयर्लंड पेटण्याच्या बेतांत होतें. ड्यूक कांहीं कॅथॉलिकांचे कैवारी नव्हते, हें आम्ही स्पष्टच म्हणतों. परंतु ज्यानें रणांगणें पाहिलीं त्यास यादवीचें भय कळतें. एक महिन्याची यादवी टाळण्यासाठींही आपण वाटेल तें करूं, अशा आशयाचें त्यांनीं सरदारांच्या सभेंत सांगितलें. राजे चौथे जॉर्ज अडून बसले. ४ मार्च १८२९ रोजीं त्यांनीं मंत्रिमंडळ मोडलें आणि त्याच रात्रीं परत बोलाविलें. लॉर्ड विंचिलसी यांनीं ड्यूकवर कपटाचा आरोप केला, तेव्हां ता. २१ मार्च रोजीं एकुणसाठ वर्षांचा हा मुख्य प्रधान पिस्तूल घेऊन द्वंद्वयुद्धास उभा राहिला! सुदैवानें कोणी जखमी झालें नाहीं, व लॉर्डसाहेबांनीं क्षमा मागितली. ता. १३ एप्रिल रोजीं कायदा मंजूर झाला.

त्याची किंमत मात्र गरिबांनीं दिली. आयर्लंडांत मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यांत आली, आणि ज्या कुळांनीं ओकॉनेलना निवडून दिलें त्यांचेंच मत गेलें.

ड्यूक ता. १४ सप्टेंबर १८५२ रोजीं वॉल्मर येथें वारले. असईच्या लढाईस एकुणपन्नास वर्षें पुरीं होण्यास तेव्हां नऊ दिवस उरले होते.