उबेचे रहस्य शोधणारा काउंट रम्फर्ड

बेंजामिन थॉम्सन याचा जन्म १७५३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात वोबर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. बाळपणीच त्याचे पितृछत्र हरपले. लहान वयातच त्याला एका व्यापाऱ्याच्या दुकानात उमेदवारी पत्करावी लागली. परंतु विद्येची त्याची ओढ कमी झाली नाही.

पुढे अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्याचा लढा पुकारला. थॉम्सनने मात्र इंग्रजांची बाजू घेतली व त्यांना गुप्तपणे बातम्या पुरविल्या. अखेर पत्नीला व लहानग्या मुलीला मागे ठेवून १७७६ साली तो इंग्लंडला निघून गेला. त्याच्या चरित्रावरील हा डाग पुसता येण्यासारखा नाही.

काही वर्षांनी तो जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या सेवेत रुजू झाला. तेथील सैनिकांची अन्नवस्त्राची आबाळ होत असे आणि म्युनिक नगरात भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. १७९० सालच्या पहिल्याच दिवशी थॉम्सनने भिकाऱ्यांना एकत्र आणून त्यांच्यासाठी उद्योगगृह चालू केले. तेथे त्यांना गरम अन्न मिळू लागले आणि त्यांच्या हातून सैनिकांचे कपडे तयार होऊ लागले.

कोणते वस्त्र अधिक उबदार, हा प्रश्न थॉम्सनने प्रयोगाने सोडविला. एका काचेच्या गोळ्याच्या मध्यभागी त्याने उष्णतामापक बसविला व भोवतालच्या जागेत लोकर, कापूस, रेशीम, सशाचे केस, पिसे असे पदार्थ आळीपाळीने भरले. गोळा उकळत्या पाण्यात तापवून तो बर्फात ठेवी आणि निवण्यास लागणारा वेळ मोजी. नुसती हवा असताना गोळा लवकर निवे. सशाचे केस भरले की त्यास दुपटीहून अधिक वेळ लागे. वास्तविक त्या केसांनी जागेचा थोडाच भाग व्यापलेला असे. उरलेल्या जागेत हवाच असे. मग हा फरक कशामुळे? थॉम्सनने ताडले, की मोकळी हवा तापून फिरू लागते व आपल्याबरोबर उष्णता वाहून नेते. तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या हवेला मात्र हालता येत नाही. त्याच जागेत अधिक पिसे भरली, की गोळा आणखी सावकाश निवे. म्हणजे वस्त्र स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ते हवेला कोंडून शरीराची उष्णता राखते.

या संशोधनाबद्दल १७९२ साली त्यास रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. पुढे तो काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध झाला. हवेतून उष्णतेचे वहन मुळीच होत नाही, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली. स्थिर हवेतूनही थोडी उष्णता जातेच. तथापि त्याच्या शोधाचा गाभा टिकून राहिला. थंड प्रदेशातील घरांच्या भिंतींत काचतंतूंची लोकर भरतात, ती याच तत्त्वावर.

१७९९ साली लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन ही विज्ञानसंस्था स्थापन करण्यात रम्फर्डने पुढाकार घेतला. १८१४ साली पॅरिसजवळ त्याचा मृत्यू झाला. स्वतःच्या कुटुंबाला त्याने अंतर दिले, हे खरे. पण थंडीने कुडकुडणाऱ्या परक्या सैनिकांसाठी व निराधारांसाठी त्याने आपली बुद्धी झिजविली, हेही तितकेच खरे आहे.