पाचशे भिंगांचा धनी

पावसाने जरा उघडीप दिली की हल्ली अनेक घरांत एक नवीन दृश्य दिसते. घरातला मुलगा किंवा सून, क्वचित निवृत्त झालेले आजोबाही, गळ्यात कॅमेरा अडकवून अंगणात उकिडवे बसलेले असतात. जास्वंदीच्या कळीवरचा मावा, कुंपणावरचा चतुर, भिंतीवरची गोगलगाय, मृगाचा मखमली लाल किडा यांतले काहीतरी त्यांना अगदी जवळून टिपायचे असते. पहिल्या उत्साहाचा भर ओसरला की प्रश्न येतो तो लेन्सचा. मॅक्रो लेन्स घ्यायची, पण कोणती? साठ मिलिमीटरची, शंभरची की एकशे ऐंशीची? ऑटोफोकस हवा की नको?

सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या एका कापडवाल्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा होता. त्याच्या काळात कॅमेरा नव्हता, लेन्सची दुकानेही नव्हती. त्याने उत्तर शोधले ते आपल्या रीतीने. ज्या जीवासाठी जसे भिंग हवे तसे स्वतःच्या हाताने घडवायचे! अशी पाचशेच्या आसपास भिंगे त्याने आयुष्यात तयार केली आणि त्यांतून माणसाने कधीही न पाहिलेले एक सबंध जग पाहिले. शाळेच्या पुस्तकात आपण त्याचे नाव वाचलेले असते आणि परीक्षेनंतर विसरून गेलेलो असतो. आंतोनी व्हान लेव्हेनहूक हे ते नाव.

कापडाच्या दुकानातून

लेव्हेनहूकचा जन्म 24 ऑक्टोबर 1632 रोजी डेल्फ्ट या गावात झाला. त्याच महिन्यात त्याच गावात आणखी एका मुलाचा बाप्तिस्मा झाला होता. तो पुढे योहानेस व्हेर्मीर म्हणून जगप्रसिद्ध चित्रकार झाला. लेव्हेनहूकचे वडील टोपल्या विणत. मुलगा लहान असतानाच ते वारले. आईने दुसरे लग्न केले, मुलगा शाळेसाठी बाहेरगावी गेला, काही काळ नातेवाइकांकडे राहिला आणि सोळाव्या वर्षी ॲमस्टरडॅमला एका कापडाच्या पेढीवर हिशेबाचे काम शिकू लागला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. डच सोडून दुसरी भाषा त्याला आली नाही आणि त्या काळी लॅटिन न येणारा माणूस विद्वानांच्या पंगतीत बसूच शकत नसे.

1654 साली तो डेल्फ्टला परतला, लग्न केले आणि कापडाचे दुकान टाकले. कापडाचा पोत पाहायला, वीण किती घट्ट आहे हे धागे मोजून ठरवायला व्यापारी लहानसे भिंग वापरत. भिंगाशी त्याची मैत्री जमली ती बहुधा अशी गिऱ्हाइकी सांभाळता सांभाळताच. 1660 मध्ये त्याला नगरपालिकेत एक बरी नोकरी मिळाली. पुढे तो जमीन मोजणीची परीक्षा उत्तीर्ण झाला, दारूची पिंपे मोजण्याचे कामही त्याच्याकडे आले. व्हेर्मीर कर्ज ठेवून वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी 1676 मध्ये याच माणसाची नेमणूक झाली. गावाचा त्याच्यावर विश्वास होता, हे यावरून दिसते.

घरी मात्र नशिबाने फार सोसायला लावले. पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. पहिली पत्नी 1666 मध्ये गेली. दुसरीही त्याच्या आधीच गेली. अखेरपर्यंत सोबत राहिली ती मारिया.

चार बोटांचे यंत्र

आपण सूक्ष्मदर्शक म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे उभी नळी येते. लेव्हेनहूकचे यंत्र तसे नव्हतेच. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या, त्यांच्यामध्ये भोकात बसवलेले एकच इवलेसे भिंग, मागे एक सुई आणि ती हलवायला मळसूत्राचे खिळे. सगळे मिळून तळहातात मावेल एवढे. पट्टी डोळ्याला जवळजवळ टेकवायची, उजेडाकडे तोंड करायचे आणि सुईच्या टोकावर चिकटवलेला जीव मळसूत्र फिरवून पुढेमागे करत स्पष्ट दिसेपर्यंत आणायचा.

दोन-तीन भिंगांची नळीवाली सूक्ष्मदर्शके तेव्हाही होती. लंडनच्या रॉबर्ट हूकने 1665 मध्ये आपल्या ग्रंथात पिसू आणि उवेची मोठमोठी चित्रे छापून खळबळ उडवली होती. पण त्या काळच्या काचा सदोष होत्या. जितकी भिंगे जास्त तितके दोष जास्त आणि चित्राच्या कडांना रंगीत झालर. एकच भिंग वापरले तर चित्र स्वच्छ येते हे हूकलाही ठाऊक होते, पण डोळ्यांना फार त्रास होतो म्हणून त्याने तो नाद सोडला होता. लेव्हेनहूकने तो त्रास पन्नास वर्षे सोसला.

उत्रेख्त येथे जपून ठेवलेल्या त्याच्या एका यंत्रातून वस्तू सुमारे 270 पट मोठी दिसते. हे भिंग मोहरीच्या बारीक दाण्याएवढे आहे. आता यातली मेख अशी की भिंग जितके जोरदार, तितके ते जीवाच्या जवळ न्यावे लागते. या भिंगापासून वस्तू एक मिलिमीटरसुद्धा दूर ठेवून चालत नाही. आजच्या मॅक्रो लेन्सचे गणित वेगळे असले तरी अडचण त्याच जातीची आहे. किडा छायाचित्रात मूळ आकाराचा उतरवायचा तर पन्नास-साठ मिलिमीटरची लेन्स त्याच्यापासून चार बोटांवर न्यावी लागते. तोवर फुलपाखरू उडालेले असते आणि लेन्सची सावलीही पडते ती वेगळीच. शंभरच्या आसपासची लेन्स पाऊण वीत अंतर देते, एकशे ऐंशीची वीतभराहून जास्त, पण ती जड असते आणि खिशालाही जड जाते. म्हणून बहुतेक जण मधली निवडतात.

ऑटोफोकसचेही तसेच. चालत्या-उडत्या जीवाला बऱ्या अंतरावरून पकडायला तो उपयोगी पडतो. पण अगदी जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम मिलिमीटरभराचा उरतो. आपला श्वास हलला तरी किडा त्यातून निसटतो आणि लेन्सची मोटर बिचारी मागेपुढे चाचपडत राहते. म्हणून जाणते छायाचित्रकार तिथे ऑटोफोकस बंद करतात, लेन्स एका जागी बांधल्यासारखी ठेवतात आणि स्वतःच केसभर पुढेमागे होतात. लेव्हेनहूकच्या मळसूत्राचे काम याहून वेगळे नव्हते.

त्याने आणखी एक गोष्ट केली. एखादा नमुना एकदा सुईवर नीट बसला, स्पष्ट दिसू लागला की तो तसाच ठेवायचा आणि पुढच्या नमुन्यासाठी नवे यंत्र करायचे. भिंगांचा आकडा पाचशेपर्यंत गेला तो यामुळे.

तळ्यातले पाणी, मिऱ्याचे पाणी

1673 साली डेल्फ्टच्याच रेनिये द ग्राफ या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीला लेव्हेनहूकची ओळख करून दिली. इंग्लंड आणि हॉलंड यांचे तेव्हा युद्ध चालू होते, तरीही पत्र पोचले आणि छापलेही गेले. बुरशी, मधमाशी आणि ऊ यांची ती निरीक्षणे होती. पुढची पन्नास वर्षे हा पत्रव्यवहार थांबला नाही. त्याने पुस्तक असे लिहिले नाही. जे पाहिले ते बोलीतल्या डचमध्ये पत्रातून कळवले. चित्र काढणे जमत नव्हते, म्हणून चित्रकार पदरी ठेवले.

डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवर एक तळे होते. उन्हाळ्यात त्यातले पाणी पांढुरके आणि हिरवट होई. लोक म्हणत, दवामुळे. 1674 मध्ये त्याने त्या पाण्याची कुपी भरून घरी आणली. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहतो तो हिरव्या धाग्यांच्या वेटोळ्या आणि त्यांच्यामधून सैरावैरा पळणारे असंख्य बारीक जीव!

दोन वर्षांनी त्याला वेगळाच प्रश्न पडला. मिरे तिखट का लागते? आपल्या मलबारहून आणि पूर्वेकडच्या बेटांवरून जाणाऱ्या मिऱ्यांवर डच व्यापाऱ्यांचे इमले उभे होते. त्याला वाटले, मिऱ्याच्या कणांना सूक्ष्म काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील. म्हणून त्याने मिरे पाण्यात भिजत घातले. काटे सापडले नाहीत. 1676 च्या एप्रिलमध्ये त्या पाण्यात त्याला आधीच्यांहूनही कितीतरी लहान जीव दिसले. आज आपण त्यांना जिवाणू म्हणतो.

ऑक्टोबरात त्याने हे लंडनला कळवले आणि खरी परीक्षा सुरू झाली. त्या विद्वानांना काही दिसेना. डच कापडवाल्याच्या भिंगाखेरीज जे कोणालाच दिसत नाही ते खरे कसे मानायचे? लेव्हेनहूकने पाद्री, नोटरी अशा आठ प्रतिष्ठित गृहस्थांना घरी बोलावून ते जीव दाखवले आणि त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. भिंग करण्याची कृती मात्र कळवली नाही. अखेर 1677 च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूकने स्वतः बारीक भिंगे करून मिऱ्याचे पाणी तपासले. जीव दिसले. 1680 मध्ये रॉयल सोसायटीने लेव्हेनहूकला सभासद करून घेतले. त्या सभेला तो कधीच गेला नाही.

जिवंत पाहण्याचा हट्ट

मेलेला किडा टाचणीला टोचून पाहणे सोपे. लेव्हेनहूकला जीव जिवंत हवा असे. उवांची वाढ पाहण्यासाठी त्याने त्या मोज्यात सोडून तो मोजा दिवसेंदिवस स्वतःच्या पायावर चढवून ठेवला. घरच्यांनी हे कसे सहन केले असेल, ते मारियालाच ठाऊक! धान्यातले पोरकिडे धान्यातूनच आपोआप निपजतात, पिसवा धुळीतून होतात, असे तेव्हा शिकलेलेही मानत. त्याने अंडे, अळी, कोष, किडा ही सगळी साखळी डोळ्यांनी पाहून दाखवली. पानांवरच्या माव्याची अंडी शोधायला तो गेला, तर मादीच्या पोटात त्याला पिल्लेच सापडली आणि नराचा पत्ताच नव्हता.

रक्त धमन्यांतून नीलांत कसे जाते हे पाहण्यासाठी त्याने कोंबड्याचा तुरा, सशाचा कान, वटवाघळाचा पंख पाहून झाले. 1688 मध्ये बेडकाच्या पिल्लाची पारदर्शक शेपटी भिंगासमोर धरली, तेव्हा केसाहून बारीक वाहिन्यांतून रक्ताचे कण धावताना दिसले. यासाठी त्याने सर्वांत जोरदार भिंग घेतले नाही, हे लक्षात घ्यावे. जिवंत मासा काचेच्या नळीत ठेवून पाहायला त्याने वेगळी चौकट केली, तिला कमी ताकदीची भिंगे लावली. 1698 मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला तेव्हा त्याने याच तऱ्हेने ईल माशाच्या शेपटीतले रक्त वाहताना पाहिले.

जे त्याने दिले नाही

पाहुण्यांना तो यंत्रे दाखवी, पण सर्वांत चांगली भिंगे स्वतःपुरतीच ठेवी. ती कशी करतो हे त्याने कोणाला सांगितले नाही. तत्त्वज्ञ लायब्नित्सने त्याला तरुणांना शिकवण्याचे सुचवले. लेव्हेनहूकने नकार दिला. या कामाला लागणारी चिकाटी फारच थोड्यांपाशी असते, असा त्याचा अनुभव होता. तो खराही असेल. पण त्याची किंमत जगाला मोजावी लागली. तो गेल्यावर जिवाणूंचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ ठप्प राहिला. त्या जीवांचा आणि रोगांचा संबंध उलगडायला 19व्या शतकातला पाश्चर यावा लागला. 1895 मध्ये डच अकादमीने पाश्चरला जे पदक दिले, ते लेव्हेनहूकच्याच नावाचे होते.

26 ऑगस्ट 1723 रोजी, वयाच्या नव्वदीत, तो वारला. शेवटच्या दुखण्यात छातीखालचा पडदा कसा झटके देतो याचेही त्याने बारकाईने वर्णन केले. अंथरुणावरून त्याने आपली दोन पत्रे एका स्नेह्याकडून लॅटिनमध्ये उतरवून लंडनला पाठवायची व्यवस्था केली. रॉयल सोसायटीसाठी त्याने ठेवलेली चांदीची 26 सूक्ष्मदर्शके मारियाने पाठवून दिली. 19व्या शतकात ती नाहीशी झाली. उरलेली मारियाच्या मृत्यूनंतर, 1747 मध्ये लिलावात विकली गेली. त्याची म्हणून ओळखली जाणारी जेमतेम डझनभर यंत्रे आज शिल्लक आहेत.

1981 मध्ये मात्र एक नवल घडले. रॉयल सोसायटीच्या दप्तरात त्याच्या पत्रांना जोडलेल्या कागदी पुड्या सापडल्या. त्यांत त्याने स्वतः कापलेले बुचाच्या लाकडाचे पातळ काप तीन शतके सुखरूप होते. आणि ज्या गुपितासाठी लोक झुरले, त्याचाही उलगडा 2021 मध्ये झाला. यंत्र न उघडता न्यूट्रॉन किरणांनी तपासल्यावर कळले, की उत्रेख्तचे ते भिंग म्हणजे काचेच्या वितळलेल्या धाग्याच्या टोकाची गोळी आहे. ही कृती तर रॉबर्ट हूकने त्या काळीच छापून टाकली होती!

तेव्हा गुपित असे फार मोठे नव्हतेच. कृती सर्वांसमोर होती; रोज उजेडाकडे तोंड करून, डोळे दुखेपर्यंत पाहत बसणारा माणूस एकच होता. अंगणातल्या आपल्या छायाचित्रकाराने साठची लेन्स घ्यावी की शंभरची, हे दुकानदार सांगेलच. पण घेतल्यावर त्याच जास्वंदीपाशी दहा सकाळी उकिडवे बसावे आणि जे दिसेल ते घरातल्या पोरांना जवळ बोलावून दाखवावे, कसे टिपले तेही सांगावे. एवढे एक लेव्हेनहूकने करायचे ठेवले आहे.