निर्माता, विज्ञान आणि बाबासाहेबांची कसोटी

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. राजकीय इतिहासात या घटनेची नोंद काँग्रेसच्या एका विजयापलीकडे फारशी होत नाही. तथापि त्याच काळात हा पराभूत उमेदवार मतपेटीहून कितीतरी जुन्या अशा एका प्रश्नाशी झुंजत होता, हे लक्षात घेतले पाहिजे. बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्या माणसाला धर्म हवा असेल, तर त्या धर्मात विश्वनिर्मात्याला स्थान असावे काय, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर देणारा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांनी १९५१ पासून पाच वर्षे खपून लिहिला. तो प्रसिद्ध झाला १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी, घरातील वातावरण भजन-पठणाचे. म्हणजे श्रद्धेशी त्यांची ओळख बालपणापासूनची होती. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांना जॉन ड्यूई यांच्यासारखा गुरू लाभला. कल्पनेची परीक्षा तिच्या प्रतिष्ठेवरून न करता अनुभवातील परिणामांवरून करावी, ही ड्यूई यांची शिकवण त्यांच्या विचारांत अखेरपर्यंत दिसते.

त्यांच्या दृष्टीने निर्मात्याचा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हता. आदिपुरुषाच्या मुखापासून एक वर्ण आणि पायांपासून दुसरा वर्ण निर्माण झाला, असे ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, तेथे विश्वाच्या उत्पत्तीची कथा हाच विषमतेचा दाखला बनला होता. १९२७ मध्ये महाडला पाण्यासाठी आणि १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यामागे हाच दाखला उभा होता. १९३५ मध्ये येवले येथे त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. परंतु प्रत्यक्ष धर्मांतरास पुढील २१ वर्षे लागली. कोणता धर्म बुद्धीच्या कसोटीस उतरतो, याचा शोध ते या काळात घेत होते.

या शोधाचा निष्कर्ष त्यांच्या ग्रंथात येतो. ईश्वर कोणी पाहिला नाही, त्याचे अस्तित्व सिद्ध झालेले नाही. त्याने विश्व शून्यातून घडवले म्हणावे तर ते तर्काला पटत नाही, आणि आधीच असलेल्या द्रव्यातून घडवले म्हणावे तर तो सर्वांचा आदिकर्ता ठरत नाही, असा युक्तिवाद ते मांडतात. परंतु त्यांचा खरा आक्षेप त्यापुढचा आहे. निर्माता मानला की प्रार्थना व पूजा आली, पूजेमागून पुरोहित आला, पुरोहितामागून अंधश्रद्धा आली. आणि अंधश्रद्धेने सम्यक दृष्टीच मारली जाते.

येथे त्यांच्याच गुरूची आठवण होणे अपरिहार्य आहे. बुद्ध व कबीर यांच्या जोडीने ज्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले, त्या महात्मा फुले यांनी ‘निर्मिका’वर श्रद्धा ठेवली होती. १८९१ मध्ये, फुल्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त हा निर्मिक ग्रहताऱ्यांचा कर्ता आहे, मात्र त्याला मध्यस्थ नको, नैवेद्य नको, नामस्मरणही नको. फुल्यांनी निर्माता ठेवून भटजीला निरोप दिला. शिष्याला भय वाटले ते असे, की दार उघडे राहिले तर निरोप दिलेला पाहुणा परत येईल. दोघांचे उत्तर निराळे असले, तरी माणसाच्या बुद्धीवर कोणाची मालकी नसावी, हा आग्रह एकच होता.

यावर असे म्हणता येईल, की न्यूटनसारखे थोर वैज्ञानिक ईश्वरवादी होते आणि विज्ञानाने निर्माता नाही असे काही सिद्ध केलेले नाही. हा आक्षेप रास्त आहे. किंबहुना निव्वळ निर्मात्यावरील विश्वास आणि प्रयोगशाळा एकत्र नांदू शकतात, याला इतिहासच साक्षी आहे. परंतु बाबासाहेबांनी वादाची जागाच बदलली. जगाचा आरंभ सांगणे हे धर्माचे काम असते, तर धम्माचे काम जगाची पुनर्रचना करणे हे होय, असा भेद त्यांनी केला. नीतीला निर्मात्याच्या आज्ञेचा आधार लागत नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे, एवढा आधार तिला पुरेसा आहे.

ही कसोटी त्यांनी बौद्ध परंपरेलाही लावली, हे विशेष. वृद्ध, रोगी व प्रेत प्रथमच पाहून सिद्धार्थाने वयाच्या २९ व्या वर्षी गृहत्याग केला, ही परंपरागत कथा त्यांनी असंभाव्य म्हणून नाकारली. पूर्वजन्मीच्या कर्मावर या जन्मीची स्थिती ठरते, ही कल्पना आनुवंशिकतेच्या ज्ञानाशी विसंगत म्हणून त्यांनी बाजूस सारली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी धम्म स्वीकारला, तो या चिकित्सेनंतर.

भंडारा जिल्ह्यातच, वैनगंगेकाठच्या पवनी येथे, १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखालून ख्रिस्तपूर्व काळातील बौद्ध स्तूप उजेडात आला. १९५४ मध्ये बाबासाहेब या जिल्ह्यात मते मागत होते, तेव्हा तो मातीखालीच होता. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व चौकस बुद्धी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. कोणी निर्मात्याला मानो वा न मानो, ते कर्तव्य दोघांनाही सारखेच लागू आहे. आपल्या श्रद्धेला प्रश्न विचारण्याची मुभा आपण घरातील मुलांना, वर्गातील विद्यार्थ्यांना देतो काय, एवढे प्रत्येकाने तपासले तरी या कसोटीचा आरंभ होईल.