रंगामुळं मैदान नाकारलं, त्यानं टाइपरायटर घेतला आणि बेसबॉल बदलून टाकलं

तुम्ही '४२' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा बघितला असेल, तर त्यातला एक माणूस नक्की आठवेल. प्रेक्षकांच्या गर्दीत बसलेला, मांडीवर टाइपरायटर घेऊन खडखड बातमी टाइप करणारा. सिनेमाचा हिरो जॅकी रॉबिन्सन. पण त्याला मैदानापर्यंत पोचवण्यात या टाइपरायटरवाल्याचा मोठा हात होता. त्याचं नाव वेंडेल स्मिथ.

स्मिथचा जन्म १९१४ चा, गाव डेट्रॉइट. वडील मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्याकडं आचारी होते. पोरगा मात्र बेसबॉलवेडा. तो पिचर होता, म्हणजे आपल्याकडच्या बॉलरचं काम करायचा.

वयाच्या १९ व्या वर्षी त्यानं एक महत्त्वाची मॅच संघाला १-० अशी जिंकून दिली. मॅच बघायला डेट्रॉइट टायगर्स या व्यावसायिक संघाचा स्काउट विश इगन आला होता. मॅच संपल्यावर त्यानं स्मिथच्या संघातला कॅचर माइक ट्रेशला करारबद्ध केलं. हरलेल्या संघाच्या पिचरलाही घेतलं. आणि ज्यानं मॅच जिंकून दिली त्या स्मिथला सांगितलं, की घ्यायची इच्छा आहे, पण घेता येत नाही.

कारण एकच. स्मिथ कृष्णवर्णीय होता.

त्या काळी अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. गंमत म्हणजे तसा लेखी नियम कुठंच नव्हता. सगळ्या मालकांनी मिळून पाळलेली ती अलिखित बंदी होती. त्या दिवशी स्मिथनं मनाशी ठरवलं, आपल्याला नाही तर नाही, पण हे दार उघडायचंच.

पुढं तो वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजमध्ये गेला. तिथं तो बेसबॉल आणि बास्केटबॉल खेळला. सोबतच कॉलेजच्या पेपरात खेळावर लिहायला लागला. १९३७ मध्ये पदवी घेतली आणि 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या गाजलेल्या साप्ताहिकात नोकरीला लागला. पगार आठवड्याला १७ डॉलर.

तर तेव्हा संघमालक एक ठरलेलं कारण पुढं करायचे. आमची हरकत नाही, पण आमचे गोरे खेळाडू कृष्णवर्णीयांसोबत खेळायला तयार होणार नाहीत. हे खरं आहे का, ते कुणी तपासलंच नव्हतं. स्मिथनं तपासलं.

१९३९ मध्ये तो पिट्सबर्गला येणाऱ्या संघांच्या हॉटेलात जाऊन बसायला लागला. नॅशनल लीगचे सुमारे ४० खेळाडू आणि आठही मॅनेजर त्यानं गाठले आणि थेट प्रश्न विचारला. बहुतेकांनी आपली काहीच हरकत नसल्याचं सांगितलं. स्मिथनं हे सगळं नावानिशी छापलं. मालकांची सबब उघडी पडली.

तरीही दार हललं नाही. मग १९४५ मध्ये बोस्टनचा नगरसेवक इसाडोर मुचनिक यानं तिथल्या संघांवर दबाव आणला. स्मिथ तीन खेळाडू घेऊन बोस्टनला पोचला. त्यातला एक होता जॅकी रॉबिन्सन. १६ एप्रिलला फेनवे पार्कवर रेड सॉक्स संघानं चाचणी घेतली, पण ती नुसता देखावा ठरली. पुढं कुणालाच बोलावणं आलं नाही.

स्मिथ हात हलवत परत आला नाही. तो ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांना भेटला आणि रॉबिन्सनचं नाव सुचवलं. रॉबिन्सन कॉलेजात चार-चार खेळ गाजवलेला, शिकलेला आणि गोऱ्या खेळाडूंसोबत खेळलेला. अपमान गिळून खेळू शकेल असा माणूस हवा होता. रिकींनी त्याच वर्षी त्याला करारबद्ध केलं.

पुढचं काम आणखी अवघड होतं. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळायची नाही. रॉबिन्सनसोबत फिरायचं, त्याची राहण्या-खाण्याची सोय बघायची हे काम स्मिथनं केलं. १९४६ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावात धमकी आली आणि सगळ्यांना तडकाफडकी गाव सोडावं लागलं.

या कामाचे डॉजर्स त्याला आठवड्याला ५० डॉलर द्यायचे. म्हणजे ज्याची बातमी द्यायची, त्याच्याच संघाकडून पैसे. आजच्या पत्रकारितेत यावर नक्कीच बोट ठेवलं जाईल. पण स्मिथसाठी ही फक्त बातमी नव्हती.

१५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. पण ज्या भेदभावानं स्मिथला खेळाडू होऊ दिलं नाही, तोच भेदभाव पत्रकार म्हणूनही त्याच्या वाट्याला आला. गोऱ्या पत्रकारांच्या प्रेस बॉक्समध्ये त्याला जागा नव्हती. म्हणून तो प्रेक्षकांत बसून लिहायचा. १९४८ मध्ये बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेनं त्याला सदस्य करून घेतलं.

नंतर तो शिकागोच्या मोठ्या पेपरात गेला, पण मुद्दा सोडला नाही. रॉबिन्सन येऊन चौदा वर्षं झाली तरी फ्लोरिडातल्या सराव शिबिरांत कृष्णवर्णीय खेळाडूंना संघाच्या हॉटेलात राहू देत नव्हते. १९६१ मध्ये स्मिथनं यावर लेखांची मोहीमच उघडली. त्यानंतर संघांना व्यवस्था बदलावी लागली.

२४ ऑक्टोबर १९७२ ला रॉबिन्सन गेला. त्याच्यावरचा मृत्युलेख स्मिथनं लिहिला. साधारण एक महिन्यानं, २६ नोव्हेंबरला, कॅन्सरनं स्मिथही गेला. वय फक्त ५८.

१९९३ मध्ये बेसबॉल लेखनातला सर्वोच्च मान असलेला स्पिंक पुरस्कार त्याला मरणोत्तर जाहीर झाला. हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय पत्रकार.

मेजर लीगमध्ये एकही बॉल टाकायला न मिळालेल्या पिचरचं नाव आज बेसबॉलच्या इतिहासात आहे. मालकांनी पुढं केलेली सबब त्यानं खरी मानून घेतली नाही, खेळाडूंना जाऊन विचारलं. दार उघडायला सुरुवात तिथून झाली.