ताराबाईंचे गणित

घोडपदेवच्या कामगार चाळींत कित्येक पिढ्या एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली शिकल्या. थोरला पावकी-निमकी घोकी, मधली बेरीज मांडी आणि धाकटा ऐकता ऐकता मोजू लागे. शाळेत मात्र हीच भावंडे इयत्तांच्या भिंतींनी वेगळी होत. घरी सहज घडणारे हे शिक्षण शाळेत घडवता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडक यांच्या चरित्रात सापडते.

१८९२ साली मुंबईत, प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाला वाहून घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली दादरला शिशुविहार निघाला. मॉण्टेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीत उघडले होते आणि तेथे निरनिराळ्या वयांची मुले एकत्र शिकत. आपल्याकडे मात्र साधने महाग असल्याने ही पद्धती बव्हंशी सुखवस्तू घरांपुरती राहिली होती. ही विसंगती ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत रमल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथील थोरली मुले धाकट्यांना सांभाळण्यासाठी किंवा गुरे राखण्यासाठी शाळेला मुकत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली; गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या मण्यांची जागा शिंपले, खडे व बिया यांनी घेतली. बियांच्या एकाच ढिगात लहानग्याला मोजणी, मधल्याला दशक आणि मोठ्याला भागाकार सापडतो. धाकट्याला समजावताना थोरल्याची समजही पक्की होते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यांचा प्रश्न मात्र जिवंत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोनच शिक्षक असतात. म्हणजे लहान शाळेत एका गुरुजींपुढे दोन-तीन इयत्ता बसणार, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. पाठ्यपुस्तके मात्र इयत्तावार आहेत. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला फळ्यावरची गणिते उतरवायला लावणे हे अध्यापन नव्हे. थोरल्या मुलांना बिनपगारी मास्तर करणे हेही नव्हे. त्यासाठी वेगळी पाठयोजना, पुरेशी साधने आणि शिक्षकाला तयारीसाठी सवड हवी. एवढे न देता लहान शाळांवर अपयशाचा शिक्का मारणे आणि मग त्या बंद करण्याची भाषा बोलणे, हा हिशेब ताराबाईंच्या गणितात बसणारा नाही.